सहा महिने? आषाढसुद्धा सरला नाही!

गाडीच्या रंगावर संरक्षक थर चढवणाऱ्या सीलंटच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'सहा महिने संरक्षण'. कुठले सहा महिने? मे महिन्यात सीलंट मारलं, आषाढ संपायच्या आत बॉनेटवरचे पाण्याचे मोती गायब. पाणी नुसतं पसरून बसतंय. पुन्हा बाटली, पुन्हा सातशे रुपये. तिसऱ्यांदा!

दुकानदार काय सांगतो? "फवारा, पुसा, झालं." नाही होत हो! रंगावर डांबराचे ठिपके, ब्रेकची लोखंडी भुकटी, जुन्या वॅक्सचा थर तसाच असेल, तर सीलंट धरणार कशाला? आधी धुवा, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा, गाडी सावलीत गार होऊ द्या, मग मारा. नंतर काही तास पाणी लागू देऊ नका. हे सगळं बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत का?

बरं, रविवारभर घाम गाळून एवढं केलं, तर सोमवारी पहाटे सोसायटीतला गाडी पुसणारा हजर. एक बादली, एक फडकं, बारा गाड्या! कोरडी धूळ तशीच रगडतो. तीनदा सांगितलं, महिन्याचे पैसे पूर्ण घे, पण माझ्या गाडीला फडकं लावू नकोस. ऐकतो कोण? वर बोअरचं क्षाराचं पाणी, उन्हात वाळलं की पांढरे डाग. केसापेक्षा कितीतरी पातळ तो सीलंटचा थर, कशाकशाला पुरणार? ओरखडे तर तो अडवतच नाही. मग जाहिरातीत किल्लीने घासून काय दाखवता?