चित्रपटाचे साल म्हणजे पोस्टरचे साल नव्हे

जुनी चित्रपट-पोस्टरे जमवणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रेलियन पोस्टरांविषयीचा एक मजकूर बराच फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऑस्ट्रेलियातील उभट, चिंचोळी पोस्टरे, ज्यांना तिथे ‘डेबिल’ म्हणतात, ही अमेरिकन पोस्टरांची लहान केलेली नक्कल होय, चित्रपटाचे साल तेच पोस्टरचे साल, ऑस्ट्रेलियन आणि जुने म्हटले की ते दुर्मीळच, आणि घडी पडलेला कागद खराबच समजावा आणि विकत घेऊ नये, घेतलाच तर इस्त्रीने सरळ करावा. यांतील पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. दुसरे मात्र नव्या संग्राहकाला सर्वांत महागात पडते, म्हणून या लेखाचा बराच भाग त्यावरच खर्च करतो.

नक्कल म्हणण्यापूर्वी ही पोस्टरे कशी तयार होत ते पाहावे. परदेशी चित्रपटाबरोबर प्रसिद्धीचे साहित्य येई. परंतु डेबिलचा चिंचोळा आकार वेगळा असल्याने स्थानिक चित्रकार ती रचना नव्याने काढत, आणि शिळाछापाच्या काळात मोजक्या रंगांत बसवत. त्यामुळे नटांचे चेहरे बदलत, पार्श्वभूमी गळून जाई, अक्षरे हाताने रेखली जात. कित्येकदा चेहरा मूळ नटाशी जुळतही नाही, आणि माझ्या मते गंमत तिथेच आहे. ७० आणि ८०च्या दशकांतील ऑफसेटवर छापलेले अनेक डेबिल खरोखरच अमेरिकन रचनेची लहान प्रत असतात, हे मान्य करायला हरकत नाही. पण चित्रपटच ऑस्ट्रेलियन असेल तर ‘नक्कल’ हा शब्द उलटा पडतो. ‘मॅड मॅक्स’ ऑस्ट्रेलियात एप्रिल १९७९ मध्ये लागला आणि अमेरिकेत १९८० मध्ये, तोही अमेरिकन आवाजांत डब करून. इथे मायदेशीचे पोस्टर ऑस्ट्रेलियन आहे आणि अमेरिकन पोस्टर मागाहूनचे.

आता सालाचा प्रश्न. लोकप्रिय चित्रपट पुनःपुन्हा प्रदर्शित होत आणि प्रत्येक वेळी नवी पोस्टरे छापली जाऊ शकत. अमेरिकेत १९४०पासून नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या प्रसिद्धीसाहित्य पुरवणाऱ्या कंपनीचे क्रमांक पोस्टरांवर येऊ लागले आणि पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरांवरील क्रमांकाआधी बहुधा ‘आर’ हे अक्षर असे. ऑस्ट्रेलियन पोस्टरांवर अशी सोय नाही. म्हणून तिथे साल ठरवायचे ते कागदावरून, आणि पहिला साक्षीदार म्हणजे मोजपट्टी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा डेबिल साधारण १५ बाय ४० इंचांचा असे. युद्धकाळात कागदाची टंचाई झाली तेव्हा, म्हणजे १९४१च्या सुमारापासून, तो आक्रसून साधारण १० बाय ३० इंचांवर आला. युद्धानंतर १३ बाय ३० इंच हा आकार रूढ झाला आणि पुढे काही दशके टिकला. एक-दीड इंचाचा फरक छाटणीमुळे पडतो, तो सोडून द्यावा. पण १९३०च्या दशकातील चित्रपटाचा डेबिल १३ बाय ३० इंचांचा निघाला, तर तो पहिल्या प्रदर्शनाचा नाही, हे जवळपास निश्चित समजावे. विकणारा चित्रपटाचे साल सांगत असतो आणि घेणारा ते कागदाचे साल म्हणून ऐकतो. घोळ इथेच होतो.

दुसरा साक्षीदार सेन्सॉरचा शेरा. नोव्हेंबर १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात जी, एनआरसी, एम आणि आर ही, चित्रपट कोणासाठी योग्य ते सांगणारी अक्षरी वर्गवारी आली; त्याआधी ‘सर्वांसाठी’, ‘मुलांसाठी योग्य नाही’, ‘केवळ प्रौढांसाठी’ अशा अर्थाची पूर्ण वाक्ये छापली जात. १९८४ मध्ये एनआरसीच्या जागी पीजी आले. तेव्हा १९६०च्या दशकातील चित्रपटाच्या पोस्टरवर ‘एम’ छापलेला असेल तर ते पोस्टर उघडच मागाहूनचे आहे. मात्र शेरा छापलेला आहे की चिकटवलेला, हे बोट फिरवून पाहावे, कारण शिल्लक राहिलेल्या जुन्या पोस्टरावर नवी चिठ्ठी डकवून ते पुन्हा वापरता येई. चिठ्ठीचे साल हे वापराचे साल असते, छपाईचे नव्हे.

तिसरा साक्षीदार तळाशी बारीक अक्षरांत असतो: मुद्रकाचे नाव. रिचर्डसन स्टुडिओ, डब्ल्यू. ई. स्मिथ, रॉबर्ट बर्टन, एम.ए.पी.एस. लिथो ही नावे वारंवार भेटतात. रॉबर्ट बर्टनचे नाव मुख्यतः १९६० आणि ७०च्या दशकांतील कागदावर, तर एम.ए.पी.एस.चे ७० आणि ८०च्या दशकांतील कागदावर दिसते. चित्रपट १९५०चा आणि मुद्रक एम.ए.पी.एस. असेल, तर विकणाऱ्याला पुढचे काही विचारायची गरजच नाही.

या तिघांची साक्ष वर्तमानपत्रांशी ताडून पाहता येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात जुनी वर्तमानपत्रे शोधता येतात आणि चित्रपटगृहांच्या जाहिरातींवरून एखादा चित्रपट सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये नेमका कधी लागला, पुन्हा कधी आला, हे समजते. अमेरिकेतील प्रदर्शनानंतर तो काही महिन्यांनी तिथे पोहोचला असेल तर पहिल्या छपाईचे सालही पुढचे असू शकते. नावही तपासावे: दिग्दर्शक चार्ल्स शोव्हेल यांचा १९५५चा ‘जेडा’ ब्रिटनमध्ये वेगळ्या नावाने दाखवला गेला, त्यामुळे त्या नावाचे पोस्टर मायदेशीचे असू शकत नाही.

‘ऑस्ट्रेलियन म्हणजे दुर्मीळ’ याला उत्तर लहान आहे. ७० आणि ८०च्या दशकांतील असंख्य डेबिल आजही सहज मिळतात. खरी टंचाई मूकपटांच्या काळाची आहे, आणि त्या काळात कागदाचे मोल निराळेच होते. मेलबर्नमध्ये २६ डिसेंबर १९०६ रोजी दाखवलेला ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ तासाभराहून मोठा होता. आज त्यातील सुमारे १७ मिनिटे उरली आहेत. जिथे चित्रपटच हरवला, तिथे पोस्टर, जाहिरात आणि कार्यक्रमपुस्तिका हाच पुरावा असतो.

राहिली घडी. डेबिल पातळ कागदावर छापून, घड्या घालून चित्रपटगृहांकडे पाठवले जात. गुंडाळलेली प्रत नेहमीची झाली ती साधारण १९८०च्या दशकात. म्हणून १९५०च्या डेबिलवर घड्या असणे हे त्याच्या प्रवासाचे चिन्ह आहे. उलट त्या काळातील प्रत अगदी सपाट आणि पांढरीशुभ्र असेल तर भिंग काढावे: हाताने रेखलेल्या शिळाछापात अक्षरे सलग शाईची असतात, आणि तीच अक्षरे ठिपक्यांची बनलेली दिसली तर छायाचित्रावरून काढलेली अलीकडची प्रत हाती आहे. इस्त्रीने मात्र हा तपासच कठीण होतो, कारण उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडू शकतात. घड्या तशाच राहू द्याव्यात, चिकटपट्टी लावू नये, आणि कागद आम्लरहित पुठ्ठ्यावर पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवावा.