लग्नात नाव बदलणार असाल तर सगळ्या कागदांवर बदला, नाहीतर बदलूच नका

लग्नसराई सुरू झाली की आमच्या कोल्हापुरात घरोघरी तेच दृश्य. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं, फोटो काढायचे. हौसेनं करा, माझी काही हरकत नाही. पण तेच नाव पुढं आधारवर चढतं, पॅनवर जुनंच राहतं, बँकेत तिसरंच काहीतरी असतं. मग त्या बाईला जन्मभर 'ही मीच' म्हणून सांगत फिरावं लागतं.

माझ्या आत्या माहेरच्या शालन, सासरच्या वैशाली. आजोबा गेल्यावर करवीर तालुक्यातल्या शेताला वारस लावायची वेळ आली. शाळेच्या दाखल्यावर शालन आणि वडिलांचं नाव. आधारवर वैशाली, मधे नवऱ्याचं नाव, आडनाव सासरचं. दोन्ही कागदांत जुळणारा एक शब्द नाही! लग्नाची नोंदणी केलेली नव्हती, राजपत्राचं, म्हणजे सरकारी गॅझेटचं, तर नावच कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं, गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब झाले, आणि माझे वडील-काका 'आमची सख्खी बहीण आहे' म्हणून ठाम उभे राहिले म्हणून फेरफार झाला. ज्या घरात भावांच्या मनात खोट आहे, तिथं काय होत असेल? हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. पण तो हक्क मागायला गेलेल्या बाईला आधी ती त्याच बापाची लेक आहे हे कागदावर दाखवावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. नाव बदलायलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. पासपोर्टसाठीसुद्धा नाही. मुलीला बदलायचं नसेल तर सासू-सासऱ्यांनी तो विषय तिथंच सोडावा.

बदलायचंच असेल तर आधी विवाह नोंदणी करून घ्या. नुसतं आडनाव आणि मधलं नाव बदलायचं असेल तर आधारला तो दाखला चालतो. पाळण्यातलं नावच बदलणार असाल तर मात्र महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. ती प्रत जपून ठेवा, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर जुनंच नाव राहणार आणि दोन्हींना जोडणारा कागद तोच. मग आधार, त्यावरून पॅन. पॅनचा नंबर तोच राहतो, नाव तेवढं बदलतं. पुढं बँक, पीएफ, मतदार यादीसाठी फॉर्म 8. एकेका अक्षराचं स्पेलिंग सगळीकडं सारखं ठेवा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आधारवर नाव बदलायची मुभा साधारणपणे आयुष्यात दोनदाच. लग्नानंतर एकदा गेली. सेतूमधल्या पोरानं घाईत स्पेलिंग चुकवलं की दुरुस्तीत दुसरी गेली. उद्या संसार मोडला आणि तिला माहेरचं नाव परत लावायचं असेल तर? नात्यातल्या थोरामोठ्यांनी नाव ठरवताना याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लागतं. फार चांगला निर्णय. पण आईचीच दोन नावं असतील तर तो घोळ आता लेकराच्या दाखल्यापर्यंत जाणार.

आणि हे सगळे हेलपाटे ज्यांना नाव बदलून हवंय त्यांनी घालावेत. रजा टाकून रांगेत उभी राहते ती नवीन सून, आणि 'अजून झालं नाही व्हय?' असं विचारतो तो नवरा. हे बरोबर नाही. आधार केंद्रात अंगठा द्यायला तिलाच जावं लागेल, पण अर्ज भरणं, झेरॉक्स, बँकेतली चौकशी नवऱ्यानं करावी.

ज्यांच्या लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालीत आणि कागद अर्धवट आहेत, अशा आया-मावश्या-आत्या प्रत्येक घरात आहेत. आई-वडील हयात आहेत तोवर त्यांचे कागद एकत्र काढा आणि नावं जुळवून बघा. सात-बाऱ्यावर वारस लावताना 'शालन ऊर्फ वैशाली' अशी दोन्ही नावं घालायला सांगा.