जॉन डीकनने ‘काहीच केलं नाही’ म्हणे! आधी रेकॉर्डवरची नावं वाचा

माझा भाचा बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर देणारी गिटार, शिकतोय. परवा त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, हे खरं आहे का? मग मी साधी गिटारच शिकू का?” फॉरवर्डचं शीर्षक ‘जगातला सर्वात नशीबवान माणूस’ आणि वर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन डीकन याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: ज्याला गिटार जमत नाही तो बेस घेतो, डीकन तीन प्रतिभावंतांच्या मागे वीस वर्षं नुसता उभा राहिला, एकही गाणं त्याचं नाही, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी वारल्यावर लगेच पळाला, डोक्यावर परिणाम झाला, आणि आता घरी बसून मित्रांच्या गाण्यांचे कोट्यवधी खातो. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. शिकणाऱ्या पोराचं मन मोडायला एवढं पुरतं, म्हणून उत्तर देते आहे.

‘एकही गाणं त्याचं नाही.’ हे लिहिणाऱ्याने क्वीनची एकही रेकॉर्ड हातात घेतलेली नाही. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून सगळी गाणी बँडच्या नावावर जाऊ लागली. त्याआधी, मोजके अपवाद सोडले तर, प्रत्येक गाण्यासमोर ते लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं. ती नावं वाचा. १९७४च्या ‘शीअर हार्ट अटॅक’वर ‘मिसफायर’: डीकन. १९७५च्या ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’वर, म्हणजे ज्या अल्बममध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आहे त्याच अल्बमवर, ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’: डीकन. बायकोसाठी लिहिलेलं हे गाणं. फ्रेडीला त्यातल्या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज पसंत नव्हता, म्हणून डीकन तो पियानो घरी घेऊन गेला, शिकला आणि रेकॉर्डिंगमध्ये स्वतः वाजवला. १९७७चं ‘स्प्रेड युवर विंग्ज’ त्याचं. १९८४चं ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ त्याचंच. त्याचा व्हिडिओ बघून लोक फ्रेडीच्या मिशा आठवतात, गाणं कुणाचं ते विचारत नाहीत.

आणि १९८०चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. अमेरिकेत क्वीनची दोनच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, त्यातलं हे एक. तीन आठवडे तिथे टिकलं. शब्द, चाल आणि ती बेसची ओळ डीकनची. रिदम गिटारसुद्धा बरीचशी त्यानेच वाजवली. बँडचा ड्रमवादक रॉजर टेलरला त्यातला दाबून घेतलेला, कोरडा ड्रमचा आवाज सुरुवातीला रुचला नव्हता. डीकनला तो तसाच हवा होता आणि तो तसाच राहिला. ‘मागे नुसता उभा’ असलेल्या माणसाचं बँडमध्ये कुणी असं ऐकतं का?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. या बेसच्या ओळीवर ‘शीक’ या अमेरिकन बँडच्या ‘गुड टाइम्स’ची छाप आहे. डीकन त्यांच्या स्टुडिओत वेळ काढून गेला होता, हे शीकचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स यानेच सांगितलेलं. खर्जातले सुरुवातीचे ठोके दोन्हीकडे सारखे वाटतात, पण पुढची वाट वेगळी आहे. प्रेरणा घेतली म्हणून गाणं त्याचं नाही असं म्हणायचं, तर रॉकचा अर्धा इतिहास पुसून टाकावा लागेल.

‘नशीब.’ १९७१ साली तो बँडमध्ये आला तेव्हा १९ वर्षांचा होता आणि त्याच्याआधी तीन बेसवादक येऊन गेले होते. तो शांत होता म्हणून बाकीच्यांना सोयीचा वाटला, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. पण त्याच दमात त्यांनी त्याचं वादन आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञानही सांगितलंय, तो भाग फॉरवर्डमध्ये नाही. लंडनच्या चेल्सी कॉलेजातून त्याने त्याच विषयात प्रथम श्रेणीत पदवी घेतली. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत सापडलेलं एक सर्किट त्याने जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि बॅटरीवर चालणारा छोटा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, बनवला. त्याला ना आवाजाचं बटण, ना टोनचं. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने तो वर्षानुवर्षं वापरला. ‘गुड कंपनी’ या गाण्यात सनई-तुतारीसारखी वाद्यं वाजतायत असं वाटतं, ती सगळी मेची गिटार आहे, याच ‘डीकी अँप’मधून आलेली. पुढे त्याच्या हुबेहूब प्रती बनवून विकल्या गेल्या. नशिबाने असला अँप तयार होत नाही.

आता सगळ्यात वाईट मुद्दा. ‘लगेच पळाला.’ फ्रेडी गेला २४ नोव्हेंबर १९९१ला. २० एप्रिल १९९२ला वेम्बलीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात डीकन बेस घेऊन उभा होता. फ्रेडीने मागे ठेवलेल्या आवाजावर बाकी तिघांनी ‘मेड इन हेवन’ पूर्ण केला, तो १९९५ला आला. त्यात डीकन आहे. जानेवारी १९९७मध्ये पॅरिसला नृत्यदिग्दर्शक मॉरिस बेजार यांच्या नृत्यनाट्याच्या रंगमंचावर एल्टन जॉनसोबत तो वाजवायला आला. त्याच वर्षी फ्रेडीच्या आठवणीतलं ‘नो-वन बट यू’ तिघांनी रेकॉर्ड केलं. मग तो थांबला. मित्राच्या अर्धवट राहिलेल्या कामाला जवळजवळ सहा वर्षं दिली, याला पळणं म्हणायचं? फ्रेडीची जागा कुणी घेऊ शकत नाही, पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही, असं त्याने उघड सांगितलं होतं आणि तो त्या शब्दाला जागला.

‘डोक्यावर परिणाम’ याला तर काडीचाही आधार दिलेला नाही. तो मुलाखती देत नाही, २००१मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये क्वीनचा समावेश झाला त्या समारंभाला गेला नाही, एवढंच. सहा मुलांचा बाप घरी राहणं पसंत करतो, यावरून त्याला वेडा ठरवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. शोकाची अशी टवाळी करणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

‘गिटार जमत नाही तो बेस घेतो’ यात अर्धं सत्य आहे. डीकन शाळकरी वयात गिटारच वाजवायचा. त्याच्या तेव्हाच्या बँडला बेसवाला हवा होता म्हणून बेसकडे वळला. पॉल मॅकार्टनीचंही तसंच, आधीचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडल्यावर. गिटार दोघांनाही उत्तम येत होती. म्हणजे बेस ‘जमत नाही’ म्हणून नव्हे, गरज होती म्हणून घेतला.

राहिले कोट्यवधी. त्यातला ‘मित्रांच्या गाण्यांचे’ हा शब्द खोडा. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ कुठेही लागलं की लिहिणाऱ्याचा वाटा ज्याने ते लिहिलं त्याला वर्षानुवर्षं मिळत आला. बँड चालू असताना पैशांच्या व्यवहारावर नजर त्याचीच असायची, आणि नंतरही मोठे आर्थिक निर्णय त्याच्या संमतीनेच होतात, असं ब्रायन मेने सांगितलंय. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांनी निदान ती ओळ तरी मागे घ्यावी.