बैल दमले

पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला गावात एकही जण विचारत नाही की बावा, पुस्तक कशावर आहे. जो भेटते तो आधी वही हातात घेते, चष्मा नाकावर सरकवते आणि पहिल्याच ओळीतली वेलांटी पकडते. आणि पकडली की आनंद असा, जसं आपल्या वावरात शिरलेलं दुसऱ्याचं ढोर धरून कोंडवाड्यात नेऊन राह्यला.

तर कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो, पुस्तक शकुंतलेवर आहे. आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला, शकुंतला म्हटलं की कण्व ऋषीची पोरगी कोणाच्या डोक्यात येत नाही, यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी येते. अडीच फुटी रूळ, ११३ किलोमीटरची लाइन, इंग्रजांच्या काळात कापूस न्यायला टाकलेली, आणि मजा म्हणजे स्वातंत्र्य मिळालं तरी लाइन खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेल आलं, आणि आता तर बंदच. चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची आणि पुढच्या डब्यात चढायचं, असं आमचे म्हातारे सांगतात, त्यातलं खरं किती ते बोरीलाच माहीत. त्या रुळाच्या काठानं राहिलेल्या लोकांच्या गोठी मी लिहिल्या. झडीच्या दिवसांत, बाजेवर पडून, मोबाइलवर.

मोबाइलवर लिहिणं हा वेगळाच ताप आहे. बोटं दुखायला लागली म्हणून मी बोलून टाइप करणं सुरू केलं. मी म्हणतो "मले", तो लिहितो "मला". मी जरा दाबून म्हणतो "मले", तो लिहितो "मळे". मग मी बाजेवर उठून बसतो आणि ओरडतो "मलेएए", तर सैपाकघरातून आवाज येते, "अहो, कोनाच्या अंगावर वरडून राह्यले एवढे?"

आता शकुंतलेचं एक टोक मूर्तिजापूर, त्यामुळे हे नाव पुस्तकात पानोपानी. आणि पानोपानी वेगळं. मूर्तिजापूर, मुर्तिजापूर, मुर्तीजापूर, आणि एका ठिकाणी तर मूर्तीजापुर. मोबाइलनं जे पुढं केलं ते मी घेतलं, आणि दुकानांच्या पाट्या वाचत गेलं तर तिथंही हे सगळे प्रकार भेटतात, म्हणजे पुरावा माझ्या बाजूनं होता. शुद्धलेखनाच्या नियमात गावाच्या नावातला "पूर" दीर्घ लिहावा असं स्पष्ट दिलेलं आहे. नागपूर, सोलापूर, सगळे पूर दीर्घ. म्हणजे शेपटी साहित्य महामंडळानं नक्की करून दिली, बाकी मूर्ती आमच्या गळ्यात.

मोबाइलवरचं छापून त्याची वही केली, ती आधी गेली गुर्जींकडे. गुर्जी ऐंशीच्या पुढचे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर जास्तच कडक झालेले. साहित्य महामंडळाचे नवे नियम आले १९६२ ला, आधी चौदा, मग १९७२ ला आणखी चार, झाले अठरा. गुर्जींचं स्वतःचं शिक्षण त्याच्या आधीचं. नोकरीत असताना त्यांनी पोरांना नवे नियम शिकवले, पण मनातून मानले नाहीत हे आता कळलं. वही परत आली ती हिरव्या शाईत न्हाऊन. नाव होतं तिथं नांव, गाव होतं तिथं गांव, काहीचं कांहीं, पाचचं पांच आणि यवतमाळचं येवतमाळ.

"गुर्जी, हे टिंबं तं महामंडळानं कधीचेच उडवले न."

"महामंडळानं उडवले. मी नाही उडवले."

यावर काय बोलणार. पण खरी लढाई पुढंच होती, "असं" की "असे". नियम असा आहे की पात्राच्या तोंडी बोलणं असलं तर "असं केलं, मी म्हटलं" चालते, एरवी "असे केले, मी म्हटले" लिहायचं. एका गोष्टीत मी स्वतः शकुंतलेतून पडलेला आहे आणि ते मीच सांगतो. गुर्जी म्हणाले, इथं "असे" पाहिजे, कारण तू निवेदक आहेस, पात्र नाहीस.

"गुर्जी, मीच पडलो, गुडघे माहेच फुटले, मी पात्र कसा नाही?"

"पडला तेव्हा पात्र. सांगून राह्यला तेव्हा निवेदक."

त्यांच्या दुरुस्तीत मी त्याच परिच्छेदात गाडीतून "असे" पडलो आणि जमिनीवर पोचल्या पोचल्या माझ्या तोंडून "असं कसं झालं" निघालं. पडता पडता माणूस व्याकरण बदलते हे मला माहीत नव्हतं.

मग मी जरा मोठा दगड फेकला. म्हटलं, गुर्जी, ज्ञानेश्वरी १२९० ची, आणि नाथमहाराजांनी ती शुद्ध केली १५८४ ला, म्हणजे माउलींना एडिटर भेटायला जवळपास तीनशे वर्षं लागली, मग माह्याच पुस्तकाची एवढी घाई काहून? गुर्जींनी पेनाचं टोपण लावलं. "माउलीच्या पोथीत नकला करणाऱ्यांनी चुका घातल्या होत्या. तुह्या वहीत तूच घातल्या."

जुन्या पोथ्यांचंच म्हणाल तर रिद्धपूर आम्हाला काही परकं नाही, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलंच, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं. लीळाचरित्र तिथलं. त्याची मूळ प्रत स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली आणि महानुभाव लोकांनी आठवून आठवून पुन्हा लिहिलं, म्हणून त्याचे पाठ वेगवेगळे, आणि एका पाठात असं का आणि दुसऱ्यात तसं का यावर विद्वान लोक आयुष्यं काढतात. माझ्या चार प्रकारच्या मूर्तिजापूरवर कोणी आयुष्य काढणार नाही. लोक इतकंच म्हणतील की याला गावाचं नाव लिहिता येत नाही आणि चालला पुस्तक काढायला. म्हणून ते एकच करणं भाग होतं, इथं मी गुर्जींच्या बाजूचा आहे, फक्त त्यांना सांगितलं नाही.

हिरवी टिंबं काढायचं काम पुतण्यानं घेतलं. तो तलाठी भरतीची तयारी करते. ही पोरं मराठी व्याकरण अशी कोळून प्यायलेली असतात की मराठीचा प्राध्यापक त्यांच्यासमोर जपून बोलन. कवी दीर्घ पण कविता ऱ्हस्व, बुद्धी दीर्घ पण बुद्धिमत्ता ऱ्हस्व, "आणि" अन् "नि" कायम ऱ्हस्व, गरीब दीर्घ पण गरिबाला ऱ्हस्व, झोपेतून उठवून विचारा. (हा शेवटचा नियम मला फार आवडला. गरिबाला काही द्यायची वेळ आली की आधी त्याची वेलांटीच आखूड होते.) त्यानं लाल पेन घेतला, गुर्जींची टिंबं खोडली इथवर ठीक, पण नंतर सवयीनं समासात लिहीत गेला. "शकुंतला हळू चालली", कर्तरी प्रयोग. "गँगमननं झेंडी दाखवली", कर्मणी प्रयोग. "गँगमननं गाडीला थांबवलं", भावे प्रयोग, आणि त्याच्याखाली दोन रेघा, व्हेरी आयएमपी. माझी आजी ज्या पानावर मरते तिथं त्यानं द्वंद्व समास शोधलेला आहे.

मी विचारलं, "गोष्ट कशी वाटली बे?"

"कोनती गोष्ट, काका?"

"जे वाचली ते."

"चांगली हाय. भावे प्रयोग लय हायेत तुमच्या पुस्तकात, कोनी असा पेपर काढला तं आपले मार्क पक्के."

मग वही गेली तालुक्याला, डीटीपीवाल्याकडे. मोबाइलवरचं युनिकोड त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये ओतताना मराठीची काय दशा होते हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळन. आमच्या केसमध्ये "ऱ्या" मधला अर्धा र पूर्ण गळाला. शेतकऱ्याच्याचं शेतकयाच्या, दुसऱ्याचं दुसया, म्हाताऱ्याचं म्हाताया. एवढं झालं तरी ठीक होतं, पण तेच फाइलमध्ये तसंच शहरातल्या मुद्रितशोधकाकडे गेलं. भला माणूस, वऱ्हाडी बोलीबद्दल त्याला आदर. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, शाळेला शाया म्हणतो, हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. त्यानं "शेतकयाच्या" खाली पेन्सिलनं व्यवस्थित लिहिलं, "बोलीतील रूप, तसेच ठेवावे." आणि जिथं बुढी खरोखर "माहा डोया दुखून राह्यला" म्हणते, तिथं "माझा डोळा दुखतो आहे" करून टाकलं. फॉन्टची चूक बोलीत जमा, आणि बोली चुकीत जमा. अख्ख्या पुस्तकाचा हिशेब असा बरोबर जुळला.

हे निस्तरायला पुन्हा डीटीपीवाल्याकडे. म्हटलं, बाप्पा, लोकांच्या बोलण्यातलं "मला" होते तिथं "मले" कर. तो म्हणाला, दादा, हे तं एका सेकंदाचं काम, आणि मी "थांब, फक्त बोलण्यातलंच" म्हणेपर्यंत त्यानं सगळं बदला वर बोट ठेवलेलं होतं.

पहिला बळी कमलाबाई. आमच्या पुस्तकातली सगळ्यात सोसलेली बाई, तिची झाली कमलेबाई. दारव्ह्याचा बाजार जमला होता, तो जमले झाला. पोरगा आजोळी रमला होता, तो रमले. आणि तिफन ओढून ओढून एक बैल दमला होता, तिथं आलं, "बैल दमले".

एक एक शब्द शोधून परत करायला डोळ्याचं पाणी झालं. पण बैलाजवळ आलो तेव्हा थांबलो. वावरात सगळ्यात जास्त काम त्यानं केलेलं, त्याला कोणी अहो-जाहो केलं तर काय बिघडलं. ते तेवढं मी राहू दिलं. पुतण्या म्हणाला, काका, एकवचनी कर्ता आणि अनेकवचनी क्रियापद, चूक आहे. मी म्हटलं, आदरार्थी बहुवचन. तो गप बसला, कारण हे व्याकरणाच्या पुस्तकात आहे.

कोणी कोणी सांगते की पहिल्या पुस्तकाला व्याकरण बिकरण पाहू नका, लिहीत सुटा, एडिटर पाहून घेईन. कोणता एडिटर? आमच्याकडे स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्याला एडिटर म्हणजे छापखान्यातला तो माणूस जो विचारते की पानं सोळाच्या पटीत बसतात का. फॉर्मा सोळा पानांचा असते, त्याला त्याच्याशी मतलब, त्यात मूर्तिजापूर कसंही जाऊ द्या. लिहिताना नियम डोक्यात ठेवले असते तर मी पहिल्या झडीतच उठून वखरायला गेलो असतो, हे खरं. पण लिहून झाल्यावर बसावंच लागते. मी एक कागद भिंतीला चिकटवला. मूर्तिजापूर, मू दीर्घ, ति ऱ्हस्व, विषय संपला. निवेदनात सगळीकडे "असं", पडताना पण आणि सांगताना पण. बोलण्यात वऱ्हाडी, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी डोया आणि पोट्ट्यांच्या तोंडी डोळा, कारण आमच्या गावात खरंच तसं आहे, नातू आजीला दुरुस्त करते. हा शेवटचा नियम अठरांमध्ये नाही, पण माझ्या पुस्तकात त्याच्याइतका कामाचा दुसरा सापडला नाही. गुर्जींनी तो कागद वाचला, बराच वेळ वाचला, आणि "चिकटवला" मधला "चि" बरोबर आहे म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी हयातीत कोणाचं केलेलं नाही.

छापायच्या आधी एकाच माणसाला पूर्ण ऐकवायचं होतं, रेल्वेतल्या रिटायर गँगमन बुढ्याला, कारण अर्धं पुस्तक त्याच्याच गोठींवर आहे आणि त्याला अक्षर वाचता येत नाही. पारावर बसून पुतण्यानं वाचलं, प्रयोग न सांगता, हे विशेष. बुढा डोळे मिटून ऐकत होता. म्हैस रुळावर आली आणि ड्रायव्हर खाली उतरला तिथपर्यंत आलं आणि त्यानं हात वर केला.

"थांब. इथीसा म्या शिवी देल्ली होती. ते कुठी गेली?"

आम्ही जुनी वही काढली. शिवी होती तर. गुर्जींनी तिला हात न लावता हिरव्या रेघेनं चौकट केली होती, पुतण्यानं चौकटीवर प्रश्नचिन्ह दिलं होतं, मुद्रितशोधकानं ते प्रश्नचिन्ह पाहून "अरेरे!" केलं होतं, आणि डीटीपीवाल्यानं अरेरे मधला एक रे खाल्ला होता. इतक्या लोकांच्या हाताखालून गेली आणि एकानंही तिचं व्याकरण तपासलं नव्हतं.

शिवी परत घातली. आता तिच्यातली पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे विचारायला गुर्जींकडे कोण जाईन? पुतण्याला विचारलं. त्यानं मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका आठवून पाहिल्या आणि म्हणाला, "काका, हे अजून पेपरात आली नाही."