म्या नाही बा हात लावला!

सकाळी सातला डाळमिलच्या मालकांचा फोन. "ओ सर, कालपासून मेल येईनात, कामून?" लातूरच्या आडतीत सौदे सुरू व्हायच्या आत त्यांना मेल पाहिजेत, अन् माझा चहा अजून कपात.

डीएनएसचं पॅनल उघडलं, म्हणजे डोमेनची वेबसाइट अन् मेल कुठं जायचे त्या नोंदी जिथं बदलतात ते. एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारा) गायब, जागी भलताच. कोणी बदलला? पॅनल गप्प. वेगळं लॉगिन द्यायची सोयच नाही, म्हणून एकच पासवर्ड पाच जणांकडं: मी, मालकांचा पोरगा, भाचा, वेबसाइटवाला अन् मुनीम (त्याला कशाला, देव जाणे). सगळ्यांचं एकच, "म्या नाही बा!"

एसओएचा (डोमेनच्या मुख्य नोंदीचा) सिरियल नंबर बघितला, तो दर बदलाला वाढतो. कालची तारीख, शेवटी त्या दिवसाच्या बदलाचा आकडा ०३. म्हणजे हात फिरलाय, एकापेक्षा जास्त वेळा. कोणाचा, कशावर, ते त्यात नसतंच. वर टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा, ८६४००. दुरुस्त केलं तरी काही ठिकाणी २४ तासांपर्यंत जुनंच उत्तर जाणार.

अरे, गल्लीतला किराणावाला उधारीच्या वहीत तारीख, नाव, रक्कम लिहितो. पॅनलवाल्यांनो, तुम्हाला 'इतक्या वाजता, अमक्या आयपीवरून, हे काढून ते टाकलं' एवढी एक ओळ दाखवता येईना? लॉग आहे म्हणे, पण फक्त सपोर्टवाल्यांना दिसतो. तिकीट टाका, दोन दिवस थांबा.

भाच्याला तिसऱ्यांदा फोन लावलाय. उचलंना.