भांडण पोडियमशी आहे

नमस्कार. चाळी पाडून गिरगावात उभे राहणारे नवे टॉवर रस्त्यावरून बघवत नाहीत असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलेच चिडलात. ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनी चाळीचे गोडवे गाऊ नयेत, सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला इमारतीच्या रूपाशी काय देणंघेणं, आणि मरीन ड्राइव्हचं आर्ट डेकोही एकेकाळी नवंच होतं, असं तुमचं म्हणणं.

रांगेचं म्हणणं शंभर टक्के मान्य. 1947च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, तुळया कुजल्या, टेकू लागले. दर पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते. त्या यादीतल्या खोलीत झोपणाऱ्याला सौंदर्यशास्त्र शिकवायची माझी छाती नाही. उंचीबद्दलही तक्रार नाही. पस्तिसाव्या मजल्याला कुठला रंग दिलाय हे फुटपाथवरून कोण बघतो?

माझं भांडण खालच्या सहा-सात मजल्यांशी, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या पोडियमशी आहे. ठाकूरद्वारच्या बाजूला एखाद्या जुन्या इमारतीसमोर उभे राहा. खाली दुकानांचे गाळे, वर लाकडी कठड्याची गॅलरी, तिथून भाजीवाल्यासाठी दोरीने सोडलेली पिशवी. नव्या टॉवरसमोर उभे राहा: कंपाउंड वॉल, वॉचमनची केबिन, आणि वर पाच-सहा मजले नुसत्या राखाडी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पट्ट्यांमागे गाड्या. संध्याकाळी हेडलाइटचा उजेड सरकतो, बाकी त्या उंचीवर माणूस नाही. त्यावर लाल-पिवळी उभी पट्टी मारली की तिला बिल्डर ‘एलिव्हेशन’ म्हणतात!

हे आर्किटेक्टच्या डोक्यातून आलेलं नाही, नियमावलीतून आलंय. पार्किंग सक्तीचं, मोठ्या फ्लॅटला जास्त. आणि ते एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर बांधायला मिळणाऱ्या क्षेत्रफळात, धरत नाहीत. तळघर खणणं महाग, म्हणून गाड्या वर चढल्या. अग्निशमनाच्या गाडीला मोकळी जागा लागते, म्हणून इमारत रस्त्यापासून मागे सरकली. बाल्कन्यांचंही तेच. 2012पूर्वी फ्लॉवर बेड एफएसआयमधून मोकळे होते, तेव्हा प्रत्येक खिडकीखाली फ्लॉवर बेड उगवला आणि ताबा मिळताच खोलीत गेला. 2012मध्ये फ्लॉवर बेड आणि बाल्कन्या एफएसआयमध्ये मोजायला लागले, वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय मिळाला. तो बिल्डरांनी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या जागेत घातला आणि बाल्कन्या आटल्या. मुंबईतली इमारत कुठल्या सालची हे मी तिच्या खिडक्यांवरून सांगू शकतो, त्यात माझी हुशारी काही नाही.

आता आर्ट डेको. नवं होतं, खरंच. पण त्या पाच-सहा मजली इमारतींचं तोंड रस्त्याकडे आहे आणि बाल्कनीतल्या माणसाला खालून हाक मारता येते. नवेपणाला माझा विरोध असता तर मरीन ड्राइव्हचं नावही मी घेतलं नसतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: दिसण्याचा खर्च कोण भरणार? फार नाही हो. रस्त्याकडच्या बाजूला पार्किंगच्या पुढ्यात एका खोलीइतकी पट्टी काढायची आणि तिथे दुकानं, क्लासेस, दवाखाने, सोसायटीचं ऑफिस बसवायचं. गाड्या मागे. काही पार्किंग जातील, काही एफएसआय त्या पट्टीत जाईल. पण रस्त्यावरच्या गाळ्याला गिरगावात गिऱ्हाईक नाही असं कोणी म्हणणार नाही. आणि हो, रिहॅब विंगचं, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीचं दार मागच्या गल्लीत ढकलून विकायच्या फ्लॅटांच्या सेल विंगला पुढचं फाटक द्यायची पद्धत मला त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांहून जास्त खुपते. त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

तुमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे प्लॅन अजून पास व्हायचेत म्हणता. सभेत कार्पेट एरिया, बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस निधी आणि बांधकाम होईपर्यंतच्या ट्रान्झिट घराचं भाडं यावरच रात्र संपते, ते योग्यच आहे. पण सह्या करण्याआधी रस्त्याकडच्या बाजूचं, खालच्या मजल्यांचं ड्रॉइंग मागून घ्या. ब्रोशरमधलं संध्याकाळच्या आभाळाचं चित्र नको, मापं टाकलेलं ड्रॉइंग. आणि तुमचं दार कुठल्या गल्लीत उघडतंय तेही बघा.