शिकारी म्हणजे सगळे एका बाजूचे, असं नसतं हो

लेखात म्हटलंय की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या शिकाऱ्यांना रिपब्लिकन गव्हर्नर वॉकरने नैसर्गिक संसाधन खात्याच्या (शिकारीचे नियम बघणारं खातं) प्रमुखपदी केलेली कॅथी स्टेपची नेमणूक आवडली. अर्धंच खरं आहे. मी तेव्हा तिथेच होतो, ऑफिसात निम्मे लोक नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हरणांच्या सीझनला गायब व्हायचे आणि परत आले की कँटीनमध्ये जुंपायची. 2010 च्या शेवटी नाव जाहीर झालं, बाई घरं बांधायच्या धंद्यातली, माजी सिनेटर, आधी याच खात्यावर तोंडसुख घेतलेली, मग काय! एक गट म्हणे बरं झालं, त्या 'आधी मादी मारा मग शिंगवाला नर' नियमाचा छळ संपेल (आणि 2011 मध्ये तो गेलाच). दुसरा गट, त्यात बदकांची शिकार करणारे जास्त, म्हणायचा की अरे पाणथळ जागाच बिल्डरला दिल्या तर बंदूक घेऊन जाणार कुठे?

खरी गोम लेखात आलीच नाही. 1995 पर्यंत खात्याचा प्रमुख कोण हे एक बोर्ड ठरवायचं, गव्हर्नर नाही. तेव्हाचा गव्हर्नर टॉमी थॉम्पसनने ते बदललं, तोही रिपब्लिकनच, तरी जुने शिकारी अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. आणि त्यांना बोलायचा हक्क आहे बरं का, लायसनची फी तेच भरतात, वर 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा करही वन्यजीवांसाठीच जातो. आपल्याकडे 1972 पासून शिकार जवळपास बंदच, त्यामुळे हे गणित पटकन पचत नाही, मलाही दोन सीझन लागले.